शून्य नापास

सोमवारी सकाळी ग्लेनिस हॅगर्टीच्या खोलीतली भिंत हिरवी झाली आणि तिने सगळ्यांसाठी पर्शियन, म्हणजे इथले गोड पाव, मागवले. गुलाबी साखरेचा जाड थर असलेले, एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक मेलीच समजा. ग्लेनिस ही ग्रंथालय मंडळाची संचालिका. कॅनडातलं थंडर बे आणि आसपासची एकोणीस गावं मिळून हे मंडळ. भिंत म्हणजे तिच्या भिंतीवरचा टीव्ही. तो खरं तर मुलांच्या विभागासाठी घेतला होता. पण मुलांसाठी घेतलेल्या चांगल्या वस्तू साहेबांच्या खोलीत कशा जाऊन पडतात, हे ज्याने कुठेही नोकरी केली आहे त्याला मी काय सांगू.

टीव्हीवर हातभर उंचीच्या हिरव्या अक्षरांत दोनच शब्द होते: नापास शून्य.

"हे मला कळतं," ग्लेनिस बोटाची साखर चाटत म्हणाली. "आइला, अकरा वर्षांत तू दाखवलेली ही पहिली गोष्ट, जी मला कळली."

आइला रांताने ते कौतुक म्हणून घेतलं. कौतुकाची तिला सवय नव्हती, त्यामुळे उलटसुलट करून बघायचं तिला सुचलं नाही.

आइला मंडळाचे संगणक सांभाळायची. एकटी. मुख्य सर्व्हर तळघरात, बॉयलरच्या शेजारच्या खोलीत होता. एकोणीस गावांत कुठलं पुस्तक कोणी नेलं, कोणाची मुदत उलटली, सगळं त्याच्या पोटात. त्या सर्व्हरवर काय काय बसवलंय, कसं आणि का, हे सगळं एकाच ठिकाणी नोंदलेलं होतं, ते म्हणजे आइलाच्या डोक्यात. ते डोकं चोपन्न वर्षांचं होतं आणि दर हिवाळ्यात एकदा तरी बर्फावर घसरून आपटायचं.

डिसेंबरात टोरांटोच्या, लोकांचे सर्व्हर सांभाळायला घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. प्रेस्टन लँगफर्ड. उणे अठ्ठावीस तापमानात टोपी न घालता, टोकदार बूट घालून आला आणि मंडळाच्या सभासदांना त्याने एकच प्रश्न विचारला: "उद्या आइला बसखाली आली तर?" असल्या लोकांना दुसऱ्याच्या मरणाची उदाहरणं द्यायला जीभ जड होत नाही. सातही सभासदांनी आइलाकडे असं पाहिलं, जणू बस निघालीच आहे.

त्यातून ठरलं ते असं. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी दहाला, आइलाने मंडळाला दाखवायचं की सर्व्हर उद्या जळून खाक झाला तरी लिहिलेल्या सूचनांवरून तो जसाच्या तसा परत उभा करता येतो. दाखवता आलं तर सर्व्हर तिच्याकडे राहील. नाही आलं तर सगळं टोरांटोला जाईल आणि आइलाची जागा रद्द.

आइलाने तीन आठवडे खपून हे उभं केलं होतं. तिच्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एक प्रोग्राम सूचना वाचून ती मशीन शून्यापासून बांधणार. मग दुसरा आत शिरून तपासणार: डेटाबेस चालू आहे का, मुदतीची पत्रं जातात का, बाहेरून आत शिरायची नको ती दारं उघडी नाहीत ना. तपासून झालं की मशीन पाडायची आणि पहिल्यापासून परत बांधायची. दिवसातून दहादा बांधा, दहादा पाडा, तळघरातल्या खऱ्या सर्व्हरच्या केसाला धक्का लागत नाही. अशा त्रेसष्ट चाचण्या तिने लिहिल्या होत्या.

प्रोग्राम शेवटी एक ओळ छापायचा. चाचण्या इतक्या, नापास इतके. ग्लेनिस म्हणाली होती की दोन आकडे बघितले की माझा गोंधळ होतो, एकच ठेव. आइलाने पहिला कापला आणि दुसरा मोठा केला. साहेबांना सोपं करून देणं हाही नोकरीचाच भाग आहे, असं तिने मनाशी म्हटलं. इथेच घात झाला, पण तो तिला कळायला मंगळवार उजाडावा लागला.

मंगळवारी सकाळी ड्वेन मिशानो तिच्या तळघरात हात शेकायला आला. ड्वेन मंडळाची पुस्तकांची व्हॅन चालवायचा. सत्तेचाळीस वर्षांचा, हायवेवर आडव्या येणाऱ्या मूस हरणापासून ग्लेनिसपर्यंत कोणालाही न घाबरणारा. बॉयलरच्या पाइपवर हातमोजे वाळत टाकून तो आइलाच्या पडद्यासमोर उभा राहिला.

"लाल कधी होतं गं हे?"

"काही बिघडलं की."

"झालंय कधी?"

"बिघडलं नाही तर होईल कसं?"

"तीन आठवड्यांत एकदाही नाही."

"नाही."

"तू केलेलं काम, आणि एकदाही नाही." ड्वेनने कॉफीचा घोट घेतला. "माझ्या व्हॅनचा तेलाचा दिवासुद्धा कधी लागायचा नाही. मी खूश. मग मराथॉन गावाच्या अलीकडे इंजिन बसलं. बल्बच गेला होता."

"तुझी व्हॅन आणि हे एक नाही."

"नाहीच. व्हॅनला चाकं आहेत."

आइला चिडली. चिडली की ती दाखवून द्यायला जायची, हा तिचा जुना रोग. "बस इथे," ती म्हणाली, "तुला लाल दाखवते." तिने खोट्या मशीनमधला डेटाबेस बंद केला आणि चाचण्या चालवल्या.

हिरवं. नापास शून्य.

"वेळ लागत असेल त्याला," ड्वेन म्हणाला.

तिने डेटाबेस काढूनच टाकला. हिरवं. पुस्तकांची यादी पुसली. हिरवं. सगळ्या वाचकांची नावं पुसली, म्हणजे कागदोपत्री एकोणीस गावांत वाचणारा माणूस उरला नाही. हिरवं. तिने दात आवळून अख्खी मशीनच पाडली. आता तपासायला काही नव्हतंच. चाचण्या चालवल्या.

नापास शून्य. हातभर हिरवं.

"पेशंट गेला," ड्वेन म्हणाला, "तब्येत उत्तम आहे."

"गप्प बस."

तिने स्वतःच कापलेला पहिला आकडा परत जागेवर आणला. चाचण्या शून्य, नापास शून्य.

ड्वेनने ती ओळ बोट ठेवून वाचली. शेजारी बॉयलर गुरगुरत होता.

"म्हणजे वर्ग भरलाच नाही," ड्वेन सावकाश म्हणाला, "आणि कोणी नापास झालं नाही."

"गप्प बस म्हटलं ना."

कारण सापडायला दहा मिनिटं लागली आणि ते इतकं किरकोळ होतं की आइलाला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. तो प्रोग्राम फक्त अशाच फाइली उघडतो, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'टेस्ट' आहे. आइलाने आपल्या फाइलींना नाव दिलं होतं 'टेस्ट्स'. एका फाइलीत पुष्कळ चाचण्या आहेत, मग अनेकवचन नको का? व्याकरण सांभाळायला गेली बाई. त्या एका आगाऊ 'स'मुळे प्रोग्राम तीन आठवडे दारात येऊन, पाटी वाचून, परत जात होता. आणि जाताना इमानदारीने सांगत होता की मी काही तपासलं नाही. ते सांगणंच तिने कापून टाकलं होतं, ग्लेनिसच्या सोयीसाठी.

तिने प्रत्येक नावातला 'स' पुसला. मशीन नव्याने बांधली. चाचण्या चालवल्या.

चाचण्या त्रेसष्ट, नापास एकेचाळीस. पडदा खाटकाच्या दुकानासारखा लाल झाला.

"हां," ड्वेन हातमोजे घालत म्हणाला, "हे तुझं काम वाटतं."

एकेचाळीसमधली एकेक चूक आइलाच्या ओळखीची होती, हे सगळ्यात वाईट. अकरा वर्षांत कुठून तरी फोन यायचा, ती उठायची, सर्व्हरवर हाताने काहीतरी दुरुस्त करायची आणि विसरायची. निपिगॉनच्या शाखेचा प्रिंटर एका ओळीवर चालत होता, जी तिने कधीतरी लग्नाला जायच्या गडबडीत टाकली होती. मुदतीची पत्रं रोज सकाळी जायची, कारण तिच्याआधीच्या आर्व्होने सर्व्हरच्या एका कोपऱ्यात तशी सोय करून ठेवली होती, आणि तो आता फ्लोरिडात मासे धरत होता. यातलं काही सूचनांत नव्हतं. प्रेस्टनचा प्रश्न नीच होता, पण चुकीचा नव्हता. आइलाला त्याचा राग यायचं हेच खरं कारण.

बुधवारी सबंध दिवस आणि गुरुवारी दुपारपर्यंत ती बांधत होती, पाडत होती. एकेचाळीसचे तीस झाले, तिसाचे बारा, बाराचे सात. सातवर गाडी अडली. त्यातली एक चाचणी बॅकअपची होती. बॅकअप रोज घेतला जात होता, पण तो परत उघडला की अर्धी नावं यायची आणि अर्धी नुसती प्रश्नचिन्हं. म्हणजे तळघरातला पाइप फुटला तर एकोणीस गावांतले अर्धे वाचक प्रश्नचिन्हं होणार होते.

गुरुवारी तीन वाजता तिने ग्लेनिसला जाऊन सगळं सांगितलं. ग्लेनिसने आधी दार लावलं.

"मी सोमवारीच सगळ्या सभासदांना कळवलंय की हिरवं आहे. फोटो काढून पाठवलाय, आइला."

"माहीत आहे."

"फोटोत मी आहे. अंगठा दाखवून."

"ग्लेनिस, सात आहेत. एकेचाळीस होते."

"त्यांना एकेचाळीस माहीत नाहीत. त्यांना शून्य माहीत आहे. शून्याचे सात झाले असं दिसणार." ग्लेनिस खुर्चीत बसली. बाई दुष्ट नव्हती. टोरांटोवाले आले की तिलाही टोरांटोला फोन लावून रांगेत थांबावं लागणार होतं. "मला एक सांग. तो जो 'स' होता तुझा."

"हो."

"तो परत लावता येईल का? फक्त अकरा वाजेपर्यंत. मग खुशाल लाल कर, मी टीव्ही बंद करून ठेवीन."

आइला खाली आली. आणि तिने 'स' लावला, पहिला आकडाही परत कापला. उगाच कोणी तिला देवी करू नये म्हणून सांगतो, तिने लावला. दोन मिनिटांचं काम. हिरवं झालं. चोपन्नाव्या वर्षी या गावात तिला दुसरी नोकरी कोण देणार होतं? गिरण्या बंद पडलेल्या, मुलगी व्हँकुव्हरला, घर तापवायची भट्टी यंदाच बदललेली. बाहेर लोक रोज याहून मोठ्या थापा मारतात आणि त्यांना बढती मिळते.

ती हिरव्याकडे बघत बसली. मग तिच्या मनात आलं की उद्या अकरानंतर हे हिरवं पुसायला कोणी सांगणार नाही. ग्लेनिस टीव्ही बंद करणार नाही, सभासद परत विचारणार नाहीत, सातातला एकही मग कोणाला दिसणार नाही. आणि पाइप फुटेल त्या दिवशी तिला खाली येऊन प्रश्नचिन्हं मोजावी लागतील. नोकरी वाचवून जे सांभाळायचं, तेच नासलेलं राहणार. तिने फिनिशमध्ये, तिच्या घरच्या भाषेत, एक शिवी दिली, जी तिची आई फक्त सौनाच्या वाफेत द्यायची, आणि 'स' काढला, आकडा परत आणला.

शुक्रवारी दहाला सातही सभासद जमले. अध्यक्ष होत्या मिसेस सॉबचुक, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकतीस वर्षं धान्याच्या कोठारांवर तपासनीस होत्या. गहू दाताखाली धरून त्याची प्रत सांगायच्या. ड्वेन खुर्च्या लावायला आला आणि मागे भिंतीला टेकून उभाच राहिला.

पहिला नंबर प्रेस्टनचा. त्याचा लॅपटॉप टीव्हीला जोडलाच जाईना. दहा मिनिटं वायरी उपसून झाल्यावर ग्लेनिसने त्याचं सादरीकरण आइलाच्या लॅपटॉपवर उतरवायला लावलं. ते उतरायलाच आणखी दहा मिनिटं गेली, कारण त्यात ढगांचे आणि उडत्या हंसांचे व्हिडिओ होते. हंस उडाले, ढग सरकले, मग प्रेस्टन बोलला.

"आमच्या ग्राहकांना लाल रंग दिसतच नाही."

"दिसत नाही म्हणजे चूक होत नाही, का दाखवत नाही?" मिसेस सॉबचुकनी विचारलं.

"ग्राहकाचा अनुभव अखंड राहतो, मॅडम."

"मी काय विचारलं ते ऐकलंत ना?"

"हो. म्हणजे, तेच सांगतोय."

मिसेस सॉबचुकनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आइलाकडे मान वळवली. आइला उठली. भाषण तिने पाठ केलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"सोमवारचं हिरवं खोटं होतं."

ग्लेनिसने डोळे मिटले. आइलाने 'स'पासून सगळं सांगितलं. एक सभासद हसला, एक अजिबात हसला नाही. प्रेस्टन अशा चेहऱ्याने ऐकत होता, जणू परक्याच्या मयताला आलाय आणि जेवणाचा वास चांगला येतोय.

"आता सात नापास आहेत," आइला म्हणाली. "कुठले ते सांगते. आणि तुमच्यासमोर मशीन पाडून परत बांधते. वीस मिनिटं लागतात."

तिने मशीन पाडली. मग सगळे वीस मिनिटं टीव्हीवर सरकणाऱ्या ओळी बघत बसले. हंसांपेक्षा लक्ष देऊन बघत होते, हे खरं. मिसेस सॉबचुकनी विणकाम काढलं. शेवटची ओळ आली.

चाचण्या त्रेसष्ट, नापास आठ.

"सात म्हणाला होतात," प्रेस्टन हळूच म्हणाला.

आइलाने आठवा नापास उघडून मोठ्याने वाचला. वाचता वाचताच तिचा आवाज बदलला. "डिस्कवर मोकळी जागा कमी. बॅकअप मावणार नाही." तिने लॅपटॉप तपासला. "सकाळी होती. मग यावर काहीतरी मोठं उतरवलं गेलंय."

मागून ड्वेनचा आवाज आला. "हंस."

"मिस्टर लँगफर्ड, तुमचं सादरीकरण पुसू का?" आइलाने विचारलं.

"माझ्याकडे प्रत आहे," प्रेस्टन म्हणाला. "नक्की आहे." मग तो स्वतःची बॅग चाचपू लागला.

तिने पुसलं. चाचण्या परत चालवल्या. नापास सात. जे तिने सांगितले होते तेच, त्याच क्रमाने.

मग मिसेस सॉबचुकनी सुया खाली ठेवल्या. "मालगाडीच्या डब्यात नमुना काढायचा बांबू न घालताच गहू पास करणारे तपासनीस मी पाहिलेत. त्यांच्या डब्यांत कधी खराब दाणा सापडायचा नाही. ही बाई निदान बांबू घालते. मतं घ्या."

आइलाच्या बाजूने चार, विरुद्ध तीन. विरोधी तिघांपैकी एकाने कारण सांगितलं की आपल्याला खोटा फोटो पाठवला गेला, आणि ते कारण बरोबर होतं. ग्लेनिसने मान खाली घातली आणि तीही सभेच्या इतिवृत्तात नोंदली गेली. टोरांटोचा प्रस्ताव जूनपर्यंत बाजूला ठेवला. तोवर सातही हिरवे झाले पाहिजेत, आणि आणखी एक अट.

"बसचा प्रश्न उरतोच," मिसेस सॉबचुक म्हणाल्या. "आइला, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी हे कागदावरून बांधता आलं पाहिजे. तुम्ही शेजारी बसायचं, पण हात लावायचा नाही. संगणक न शिकलेला माणूस हवा. तो भिंतीला टेकलेला कोण आहे?"

ड्वेन भिंतीपासून सरळ झाला. "मी व्हॅन चालवतो."

"छान. रस्ता वाचता येत असेल."

बारा वाजता तळघरात ड्वेन आइलाच्या खुर्चीत बसला आणि आइला त्याच्या स्टुलावर. सूचनांचे कागद त्याच्यासमोर होते, अठ्ठावीस पायऱ्या. त्याने पहिल्या तीन बोट ठेवून केल्या. आइलाने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"चौथी पायरी मला कळली नाही."

"त्यात काय कळायचंय? 'नेहमीप्रमाणे नेटवर्क जोडा.'"

"नेहमी कोणाची?"

"माझी."

"मग तुलाच जोडावं लागेल. आणि तू तर बसखाली आहेस."

ही ओळ आइलाला सगळ्यात सोपी वाटली होती, म्हणून तिने ती एका दमात लिहून टाकली होती. तिने पेन्सिल घेतली आणि चौथी पायरी खोडली. खाली जागा अपुरी होती, म्हणून कागद उलटा केला आणि लिहायला लागली. आधी निळी वायर कुठली, ते.

"किती वेळ लागेल?" ड्वेनने विचारलं. "दोनला मला श्रायबरला निघायचंय."

"जा तू," आइला म्हणाली. "सोमवारी ये. आणि सोमवारी पहिल्यापासून, पहिल्या तीनसकट."

"पहिल्या तीन जमल्या ना मला."

"तू मला करताना पाहिलंस म्हणून. कागदावर त्याही धड नाहीत."